हवालदार आप्पांचा ब्यांड

शेजारच्या हवालदार आप्पांच्या सोप्यात माझं उलथणं टांगलेलं होतं. भोवती सायकलचे चार स्पोक, एक पिचकी अ‍ॅल्युमिनियमची पळी आणि बैलाच्या गळ्यातली घंटा. वारा आला की माझं उलथणं सगळ्यांना बडवायचं.

"आप्पा, हे माझं आहे," मी ओरडले.

"व्हय, पर त्याला सूर हाय! तुमी निस्त्या भाकऱ्या उलथून त्याचं वाटोळं करत हुता."

वडूजला टंचाई असते ती पाण्याची, वाऱ्याची नाही. दुष्काळ सरला, टँकरची भांडणं थांबली, आता कानांना विसावा मिळेल म्हणेपर्यंत आप्पा तोफखान्यातून पेन्शनीत निघून शेजारी राहायला आले. शेती भावानं करायची आणि आप्पांनी दोऱ्यांना वस्तू बांधायच्या, अशी वाटणी झाली असावी. कपांचे कान, बांबूची नळकांडी, कुलपं हरवलेल्या किल्ल्या, पावडरचे डबे. वाजेल ते आढ्याला. अशी सतरा झुंबरं. आप्पा त्यांना 'माझा ब्यांड' म्हणत. गल्ली काय म्हणे, ते शाळामास्तरणीनं लिहू नये.

त्यांच्याशी काहीही बोलायला जा, उत्तर ठरलेलं. "आवं, ह्या ब्यांडात काय ऐकू येतंय? मोठ्यानं आर्डर द्या!"

मग समोरचा ओरडून बोले. संध्याकाळी सोप्यात सात-आठ माणसं जमत, सगळीच ओरडत. कुणाची सून माहेरी का गेली, ते तिथं निघालं की एस.टी. स्टँडवर कळे. दिवसभर पोरांना गप्प बसवून आलेल्या बाईला हे किती सुखाचं, ते विचारू नका.

एका दुपारी मी ग्रामपंचायतीला तक्रारीचा अर्ज लिहिला आणि आधी आप्पांना सांगून टाकावं म्हणून गेले. मागून वार करायची मला सवय नाही. वारा साफ पडला होता. आप्पा करवंटीला भोक पाडत होते. मी पुढ्यात जाऊन बोलायला लागले.

"आवं बाई, ह्या ब्यांडात काय ऐकू येतंय?"

मी बोट वर केलं. आप्पांनी पाहिलं. सतराच्या सतरा झुंबरं जागच्या जागी.

त्यांनी करवंटी खाली ठेवली.

"तोफांनी न्हेलं कान," ते हळू म्हणाले. "माज्या बापाचंबी म्हातारपनी गेलं हुतं. भैरा हाय म्हनून कळलं, तवापासनं धा वर्सं कोन बोललं न्हाई त्याच्याशी. ताट सरकवायचं आन् जायाचं. बाई, कुनाला सांगू नगा."

अर्ज माझ्या मुठीत होता. चांगला दोन पानी, शुद्धलेखनासकट. घरी येऊन चुलीत घातला.

संध्याकाळी मंडळी जमली, मीही जाऊन बसले. वारा अजून पडलेलाच. कोणीतरी न ओरडता, साध्या आवाजात आप्पांना काही विचारलं, आणि आप्पांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी उठले, उलथणं धरून चांगलं गदागदा हलवलं आणि ओरडले, "काय हो हा तुमचा ब्यांड! माणसाला बोलू देईल तर शपथ!"

"मग मोठ्यानं आर्डर द्या की!" आप्पा गरजले.

सगळे ओरडायला लागले.

उलथणं अजून तिथंच आहे. भाकरी मी हातानं उलथते.