शिडाच्या जहाजावरची पाणीचोरी

"ज्याच्या नजरेतून मुंगीही सुटत नाही, ज्याच्या नुसत्या नावाने गुन्हेगाराला दरदरून घाम फुटतो, असा पश्चिम महाराष्ट्रातला एकमेव वैज्ञानिक गुप्तहेर." हे राजवर्धनसाहेबांच्या व्हिजिटिंग कार्डावर आहे. मजकूर त्यांचाच. त्यात एवढी जागा गेली की फोन नंबर मागच्या बाजूला छापावा लागला. मी समिना, त्यांची सहायक. बारामतीत खताच्या दुकानावरच्या माडीत आमचं ऑफिस आहे. मुंगीचं म्हणाल, तर साहेबांच्या टेबलावरच्या साखरेच्या डब्यात मुंग्यांची तिसरी पिढी सुखाने नांदते आहे.

तर एक दिवस माळेगावचे सर्जेराव आणि त्यांच्या पत्नी प्रयागबाई माडी चढून आले. चोरी नव्हती, खून नव्हता. प्रयागबाईंना समुद्रावर जायचं होतं आणि जहाज कोणतं निवडावं यावरून घरात फाटे फुटले होते. मुलांनी मोठ्या जहाजाची चित्रं दाखवली होती. त्यात पोहायचा तलाव, सिनेमा, बाजार, सगळं. प्रयागबाईंनी ती चित्रं बाजूला सारली.

"जल्म उसात गेला," त्या म्हणाल्या. "दारातनं बघा ऊस, गच्चीवरनं बघा ऊस. एकदा अशा जागी जायाचं हाय, जितं चारी बाजूला कायबी दिसत न्हाय. निस्तं पाणी. गुडघं चालत्यात तवर."

साहेबांनी डोळे मिटले. ते विचार करतात तेव्हा मिटतात, झोपतात तेव्हाही मिटतात; बाहेरून फरक कळत नाही. मग त्यांनी निकाल दिला की मोठ्या जहाजात तीन हजार माणसं म्हणजे तीन हजार संशयित, आणि छोट्या शिडाच्या जहाजात जेमतेम वीस, तेव्हा छोटंच घ्या. जहाज निवडायची ही रीत जगात दुसऱ्या कुणाची नसावी. गंमत अशी की निवड बरोबर ठरली. आंधळ्याच्या गाईंचा देव राखणदार असतो, तसा आमच्या साहेबांचाही कुणीतरी आहे.

सर्जेरावांनी माळेगावची मंडळी घेतली आणि लेक इंदापूरला दिलेली, म्हणून तिच्या सासरची मंडळीही घेतली. त्यात लेकीच्या सासूबाई, द्वारकाबाई. सुरक्षेसाठी म्हणून साहेब आणि साहेबांच्या सुरक्षेसाठी मी. असे आम्ही कोकणातल्या एका बंदरावर पोचलो.

माहितीपत्रक मी वाचलं होतं, साहेबांनी नव्हतं. मऊ पिशव्या आणा असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असून साहेबांनी लोखंडी ट्रंक आणली आणि गुन्हेशोधाचे म्हणून गुडघ्यापर्यंतचे गमबूट. ट्रंक खोलीच्या दारातून आत जाईना, ती डेकवर बांधून ठेवावी लागली. खोली तरी कसली, कपाटच. उठून बसलं की डोकं छताला आणि संडासात बसल्या बसल्या आंघोळ होईल अशी न्हाणी. चपला चढतानाच एका टोपलीत जमा झाल्या. जेवायला सगळ्यांना मिळून एकच टेबल होतं. जहाज कुठे कुठे थांबणार, असं साहेबांनी दरडावून विचारलं, तेव्हा कप्तान रसूलभाई म्हणाले, वारा नेईल तिकडे. साहेबांनी हे उत्तर संशयास्पद ठरवलं.

शीड चढवायला प्रवाशांनी हात लावायचा असतो. सर्जेराव सत्तरीत दोर ओढायला उभे राहिले, द्वारकाबाईंनी पदर खोचला. साहेब बाजूला उभे राहून "जोर लावा" म्हणत होते. शीड भरलं, इंजिन बंद झालं आणि एकदम सगळं शांत झालं. त्या शांततेत मला साहेबांचाही राग येईना, यावरून काय ते समजा.

रसूलभाईंनी एकच विनंती केली होती की गोड्या पाण्याची टाकी लहान आहे, नळ चोवीस तास चालू असतात, जपून वापरा. प्रवासी जपतात, असा त्यांचा आजवरचा अनुभव. पण गप्प बसतील तर ते साहेब कसले. आमच्या भागात कालव्याचं पाणी पाळीने सुटतं, तेच शास्त्र इथे लावा, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. सकाळ-संध्याकाळ थोडाच वेळ नळ सोडायचे, आधी टाकीजवळच्या मागच्या खोल्या, मग पुढच्या. मागे माळेगावकर होते, पुढे इंदापूरकर. भिडस्त रसूलभाई हो म्हणाले.

संध्याकाळी मागच्यांची पाळी झाली, पुढच्यांची झाली. सकाळी पुन्हा दोन्ही झाल्या. नाश्त्याच्या वेळी स्वयंपाक्याने येऊन सांगितलं की टाकी कोरडी आहे.

रसूलभाईंनी टाकीत काठी घालून पाहिली आणि हात जोडले. जमीन दिसेनाशी व्हायला दुपार होणार होती, पण पिण्याच्या पाण्याशिवाय पुढे जाता येणार नाही, जहाज वळवावं लागेल. मागे किनाऱ्याची हिरवी रेघ अजून दिसत होती, तिच्याकडे प्रयागबाईंनी उसाकडे बघावं तसं बघितलं आणि खोलीत गेल्या. मला फार वाईट वाटलं.

साहेबांना मात्र उकळ्या फुटल्या. अखेर गुन्हा घडला होता. त्यांनी टाकीला कान लावला आणि आत समुद्राचा आवाज येतो म्हणून टाकी फुटली आहे असं जाहीर केलं. आपण समुद्रातच आहोत हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. मग जहाजात कुणीतरी लपून बसलेला, बेसुमार तहानलेला माणूस आहे, असं ठरलं. त्याला शोधताना साहेब शिडांच्या कोठारात अडकले आणि त्यांना पाय धरून बाहेर काढावं लागलं. बाहेर येताच त्यांनी इंदापूरकरांवर बोट ठेवलं: पुढच्या खोल्यांनी पाइप लावून पाणी ओढलं.

मग काय, द्वारकाबाई उभ्या राहिल्या.

"आमी कशाला ओढू? आमी टेलचं लोक, कालव्याच्या शेवटाचं. वरनं सोडलेलं पाणी आमच्यापातूर कदी पोचलंय का? हितंबी पयले मागचेच."

सर्जेराव म्हणाले, इहीणबाई, जरा दमानं. द्वारकाबाई म्हणाल्या, दम धरूनच टेलचा ऊस वाळतो. तीन पिढ्यांचा कालवा भर समुद्रात येऊन टेकला. बिचारे रसूलभाई मध्ये उभे, त्यांना टेल म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. ते सुकाणूकडे निघाले.

तेवढ्यात प्रयागबाई झाकणाचा स्टीलचा डबा दोन्ही हातांनी धरून वर आल्या.

"कप्तानसाहेब, पाणीच पायजे ना? मग आमच्या खोलीतलं घ्या की. लई हाय."

आम्ही खाली जाऊन पाहिलं. डबे, बरण्या, थर्मास, चिवड्याचं रिकामं केलेलं पिंप, सगळं काठोकाठ. एवढं कशाला भरलंत, असं रसूलभाईंनी विचारलं. प्रयागबाईंना तो प्रश्नच कळेना.

"पाळी आली व्हती न्हवं? पाळी आली की भरून घ्यायाचं. फुडं गेलेलं पाणी आपलं ऱ्हातंय व्हय?"

द्वारकाबाई मुकाट्याने आपल्या खोलीत गेल्या आणि दोन बादल्या घेऊन आल्या. मग एकेक दार उघडू लागलं. पातेली आली, कळशी आली, नातवाचा हवा भरायचा बदकाचा टबही आला, भरलेला. माझ्या दोन बाटल्या होत्या, त्या धरायच्या नाहीत. थेंबभर पाणी जहाजाबाहेर गेलं नव्हतं. उघडं राहिलेलं धुण्याला, झाकणातलं पिण्याला, असं रसूलभाईंनी वाटून घेतलं आणि जहाज पुढेच न्यायचं ठरवलं.

फक्त साहेबांचं दार बंद होतं. ते मी उघडलं. पलंगावर दोन्ही गमबूट उभे होते, तुडुंब भरलेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी शाळेत शिकले होते, गमबुटात भरलेली पहिल्यांदाच पाहिली.

"पुरावा म्हणून राखून ठेवलं होतं," साहेब म्हणाले.

दुपारी किनाऱ्याची रेघ पुसली गेली. प्रयागबाई अनवाणी डेकच्या टोकाला जाऊन बसल्या होत्या. चारी बाजूला खरंच काही नव्हतं. बऱ्याच वेळाने द्वारकाबाई त्यांच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. प्रयागबाईंनी सरकून जागा केली. दोघी विहिणी खांद्याला खांदा लावून बसल्या.

शेजारी साहेबांनी दोरी बांधून बादली समुद्रात सोडली होती आणि उपसून उपसून रिकामे झालेले गमबूट पुन्हा भरायला घेतले होते. नमुना, म्हणाले. प्रयागबाईंनी मान न वळवता सांगितलं, "ऱ्हाऊ द्या वो साहेब. हितं कुणाचीच पाळी न्हाय."