वैजनाथमामा आणि लाल कोळी

चाकूरचे आमचे वैजनाथमामा फोनवर कुणाची खुशाली विचारत नाहीत. "पारा किती हाय तुमच्याकडं?" एवढंच विचारतात. माझे सासरे गेले तेव्हा लातूरला आले, चार माणसांत टेकले आणि पहिला प्रश्न हाच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण एकच, वांग्यावरचा लाल कोळी. टाचणीच्या टोकाएवढाही नाही, पण पानाखाली बसून रस शोषतो आणि जाळी विणतो. मामा त्याला शिव्याही नात्यागोत्यासकट देतात. "थंडीत लई सुस्त असतंय बेणं. अंड्यातून निघून मोठं व्हायला पंधरवडा खातंय. अन् ऊन तापलं की आठवड्यात सोता अंडी घालून मोकळं."

म्हणून उन्हाळाभर घरामागच्या वांग्यांवर ओल्या तरटांची सावली. पानं उलटी करकरून पाणी मारायचं. घरची माणसं पत्र्याखाली भाजून निघाली तरी चालतील. मामी म्हणायची, "पुढल्या जन्मी मला वांगंच कर म्हणावं देवाला."

यंदा ऐन मे महिन्यात त्यांची एकुलती एक लेक शोभा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. रीतच ती, उन्हाळा कोण बघतो. पत्र्याच्या खोलीत तिचा जीव कासावीस व्हायचा. एका सकाळी मामांनी कुणाला न विचारता वांग्यांवरची सगळी तरटं उतरवली, तिच्या खोलीच्या पत्र्यावर आणि खिडक्यांवर टाकली, आणि टाकीतलं पाणी तिकडंच मारायला लागले. वांगी जाळ्यांनी भरली, वाळली. मामा तिकडं फिरकलेसुद्धा नाहीत.

एवढं करूनही शोभाला दिवस भरायच्या आत कळा आल्या. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. लातूरच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. जगेल का, हे डॉक्टर धड सांगेनात.

मी पोचलो तेव्हा मामा त्या खोलीच्या दाराशी नर्सची वाट अडवून उभे होते.

"सिस्टर, पेटीतली ऊब जराशी वाढवा की."

"लागते तेवढीच ठेवलीय, बाबा."

"थोडीच वो. उबंनं लवकर मोठं होतंय. म्या डोळ्यानं बघितलंय."

नर्स दमलेली होती, पण चिडली नाही. "माणसाचं लेकरू हाय, बाबा. तसं होत न्हाई."

मामांनी मान हलवली, नर्सला वाट दिली, आणि दाराच्या काचेला तळहात लावला.

"बरं," ते आत बघत हळूच म्हणाले, "सवडीनं वाढ, माय. म्या हितंच थांबून राहिलोय."