मास्तरांचं पथ्य आणि बाईंचा अंगठा

शिकाऊ मुलगी गाडी थेट भिंतीकडे घेऊन निघाली, तसा गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला आणि असे बोंबलले, की मुलीने स्टिअरिंग सोडून दोन्ही कान धरले.

“सर, चुकलं माझं!”

“तुझं नाही गं, माझ्या अंगठ्याचं चुकलं!”

पायाचा अंगठा टम्म फुगला होता. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर युरिक ॲसिड चांगलंच वाढलेलं. “मटण, कलेजी बंद. आणि ॲसिड वाढलेल्यांमध्ये हृदयाचे आजारही जास्त दिसतात, तेव्हा वजन आणि रक्तदाब सांभाळा. घाबरायचं काही कारण नाही.”

मास्तरांच्या बायकोने त्यातलं ‘हृदय’ तेवढं ऐकलं आणि ती यथासांग घाबरली. मास्तरांच्या ताटात उकडलेल्या भाज्या आल्या. अडचण एकच होती. मास्तरांकडे गाडी शिकलेला खाटीक दर रविवारी प्रेमाने मटण आणि कलेजी पाठवायचा, आणि त्याला नको म्हणणं मास्तरांच्या जिवावर यायचं.

“मग हे खाणार कोण?” मास्तरांनी आशेने विचारलं.

“मी आहे ना,” बायको म्हणाली. नवऱ्याचा जीव वाचवायचा म्हणून ती दोघांच्या वाटचं खाऊ लागली. बिचारीने कधी कुरकुर केली नाही.

दोन महिन्यांत मास्तरांचं ॲसिड उतरलं. मग एका सकाळी बायकोने शिलाई मशीनच्या पॅडलवर पाय ठेवला आणि तिच्या किंकाळीने अख्खी इमारत गोळा झाली.

खरं तर मास्तरांना हसू यायला हवं होतं. पण दवाखान्यात तिने हळूच विचारलं, “अहो, माझ्या हृदयाला काही नसेल ना?” आणि त्यांनी तिचा हात धरला. ईसीजी चांगला निघेपर्यंत तो सोडला नाही.

रविवारी पुन्हा मटण आलं. शिजवलं, डब्यात भरलं आणि दोघं ते डॉक्टरांच्या घरी घेऊन गेली.

डॉक्टरांनी झाकण उघडून डोळे मिटले. “हळू बोला हो,” ते कुजबुजले. “मलाही बंद आहे.”

तेवढ्यात आतून त्यांची बायको आली. “अगंबाई, मटण! द्या इकडे. यांचं पथ्य सुरू झाल्यापासून यांच्या वाटचं मीच संपवते.”

मास्तरांच्या बायकोने डबा छातीशी घट्ट धरला आणि तिच्या पायांकडे वाकून पाहिलं.

“ताई, तुम्ही आधी खुर्चीवर बसा,” ती म्हणाली. “अंगठा कधीपासून दुखतोय?”