ग्रोमची चेन

ग्रोमचं डोकं काही केल्या मोटारीच्या दारातून आत जाईना. क्लाइव्ह एन्टविसलने ते आधी नाकाकडून घालून पाहिलं, मग मानेकडून, मग एक कान दुमडून तिरपं. शेवटी ते अर्धं आत गेलं आणि तिथेच रुतून बसलं. बाहेर ओढताना झटक्यासरशी सुटलं आणि क्लाइव्ह मागच्या मागे गुलाबाच्या झुडपात बसला.

"तरी सांगत होते, रॉनीला फोन कर," दारात उभी असलेली त्याची बायको ब्रेंडा म्हणाली. "त्याच्या व्हॅनमध्ये हत्ती मावेल."

"रॉनी पोसलथ्वेटच्या व्हॅनमध्ये ग्रोम पाय ठेवणार नाही," काटे काढत क्लाइव्ह म्हणाला.

"ग्रोमला विचारलंस?"

क्लाइव्हने ग्रोमचा दुमडलेला कान सरळ केला. ग्रोम म्हणजे 'परतीचा तारा' ह्या जुन्या दूरचित्रवाणी मालिकेतला परग्रहावरचा प्राणी. क्लाइव्ह शाळेत होता तेव्हा ती मालिका लागायची. त्यानंतर त्याच्या आयुष्यात बऱ्याच चांगल्या गोष्टी घडल्या, चष्म्यांचं दुकान निघालं, ब्रेंडा भेटली, पण पहिला नंबर मालिकेचाच राहिला. ब्रेंडाने हे लग्नाआधीच पत्करलं होतं. स्टुडिओने ग्रोमचा मूळ पोशाख मोडीत काढला तेव्हा क्लाइव्हने तो घरी आणला: जाड हिरवी रजाई, तिला पडद्यांच्या झालरी, आणि कागदाच्या लगद्याचं, कापडी कानांचं भलंमोठं डोकं. तो पाहुण्यांच्या खोलीत पलंगावर असायचा. पाहुणे सोफ्यावर झोपायचे.

मोरकॅम ह्या त्यांच्या समुद्रकाठच्या इंग्लिश गावातलं मालिकेचं रसिक मंडळ क्लाइव्ह आणि रॉनी ह्या दोघांनी मिळून काढलेलं. इतक्या वर्षांत त्यांचं कशावरून म्हणून बिनसलं नव्हतं. पण यंदा त्याच मालिकेची नवी आवृत्ती आली, आणि दर रविवारी अख्खा देश टीव्हीसमोर बसू लागला. आपल्या घरात तिचा एक मिनिटही लागणार नाही, असं क्लाइव्हने जाहीर करून टाकलं. रॉनीने मात्र पाहिली, आणि एका संध्याकाळी पबमध्ये ग्लासाकडे बघत म्हणाला, "रागावू नकोस क्लाइव्ह, पण ही आपलीपेक्षा बरी आहे रे." क्लाइव्ह आपली बिअर अर्धी टाकून उठला. तेव्हापासून अबोला.

आज मंडळाची वार्षिक सभा होती. मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये वादविवाद, विषय 'नवी सरस की जुनी'. नवीच्या बाजूने रॉनी, जुनीच्या बाजूने क्लाइव्ह. त्यातून जुन्या मालिकेत अवकाशयानाची चालक झालेल्या मिस म्युरिएल स्टेनफोर्थ स्वतः पाहुण्या म्हणून येणार होत्या. अशा दिवशी ग्रोम घरी राहणं शक्यच नव्हतं.

"मी घालूनच जातो," क्लाइव्ह म्हणाला. "समुद्राच्या कडेकडेने गेलो की पोचलोच. तू माझा सूट घेऊन पुढे हो. तिथे बदलीन."

ब्रेंडाला सभेच्या चहासाठी हॉलवर सँडविच करायचे होते. ती सूट घेऊन निघून गेली.

पोशाखात शिरणं क्लाइव्हला वाटलं तितकं सोपं नव्हतं. मूळ नट सडपातळ असावा. पँट काढली तेव्हा पाय गेले, शर्ट काढला तेव्हा पोट गेलं. बनियन आणि चट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर तो रजाईत उभा राहिला, डोकं चढवलं, आणि पाठीवरची चेन कोट टांगायच्या हँगरने कशीबशी वर ओढली. ती सर्रकन मानेपर्यंत गेली, रजाईचं कापड दातांत धरलं आणि थांबली. क्लाइव्हने खाली ओढून पाहिली. हलेना. हात पंजांमध्ये गेल्यामुळे बोटं नावाची गोष्टच उरली नव्हती. ग्रोमचे डोळे क्लाइव्हच्या कपाळावर आले होते, त्यामुळे बघायचं ते नाकपुड्यांतून. आणि तोंडात ठासून फोम भरलेला.

"उं," क्लाइव्ह म्हणाला. त्याला म्हणायचं होतं, हॉलवर गेल्यावर ब्रेंडा काढेल.

समुद्राकाठच्या रस्त्यावर त्याला पहिला धक्का बसला. जुन्या मालिकेतल्या ग्रोमला पाहून मुलं सोफ्यामागे लपत. इथे एक चिमुरडी धावत आली आणि तिने त्याच्या पायाला मिठीच मारली.

"आई, ग्रोम रडतोय," आतून आलेलं "उं" ऐकून ती म्हणाली.

"रडेल नाही तर काय," तिची आई म्हणाली. "स्वतःच्या आईला त्या बर्फाच्या चंद्रावर सोडून आलाय बिचारा."

हे नव्या मालिकेतलं होतं. क्लाइव्हने कान झाकायला पंजे वर केले, पण ते खांद्याच्या वर जाईनात. त्या बाईला वाटलं तो मिठी मागतोय. तिनेही मारली.

पुढच्या बाकावर आइस्क्रीम खात बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी त्याला थांबवलंच. "तू त्या कॅप्टनवर विश्वास ठेवू नकोस हं," एक म्हणाली. "तुझ्या आईचा पत्ता त्याला ठाऊक आहे. खिशात घेऊन फिरतोय मेला."

"खिशात नाही गं, बुटात," दुसरी म्हणाली.

"खिशात."

"मी दोनदा पाहिलाय तो भाग. बुटात."

क्लाइव्हने मान वळवून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. त्याला हे काहीही ऐकायचं नव्हतं. पण कॅप्टन असं का करेल? जुना कॅप्टन तर देवमाणूस होता.

"उं?" तो म्हणाला.

"का म्हणजे? तोच तर तुझा—" पहिली म्हणाली, आणि तेवढ्यात त्यांची बस आली. दोघी आइस्क्रीम सांभाळत चढल्या आणि गेल्या. क्लाइव्ह बसच्या मागे चार पावलं धावलासुद्धा.

एव्हाना त्याच्यामागे वरात निघाली होती. कोणी फोटो काढत होतं, कोणी चिप्सचा पुडा पुढे करत होतं. एका प्रेमळ गृहस्थाने तर बटाट्याच्या बोटाएवढ्या, व्हिनेगर मारलेल्या गरम चिप्स एकेक करून ग्रोमच्या नाकपुडीत घातल्या. त्यातल्या दोन क्लाइव्हच्या डोळ्याशी आल्या आणि उरलेल्या बनियनमध्ये उतरल्या. आईला सोडताना ग्रोम काय म्हणाला, तेही त्या गृहस्थाने म्हणून दाखवलं, आणि म्हणता म्हणता तोच डोळे पुसू लागला. आत क्लाइव्हचे डोळेही भरून आले. ते व्हिनेगर असावं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

हॉलच्या मागच्या दाराने तो आत शिरला तेव्हा घामाने निथळत होता. आत मालिकेचं शीर्षकसंगीत इतक्या मोठ्याने लावलं होतं की खिडक्या थरथरत होत्या. मंचावर पाहुण्यांसाठी खोलगट कापडी खुर्च्या मांडल्या होत्या. एका खुर्चीत तो क्षणभर टेकला. तिने त्याला असा काही पोटात घेतला की उठता येईना. त्याने दोनदा "उं उं" केलं, संगीताने ते गिळलं. मग ऊब होती, थकवा होता, पोटाशी चिप्स होत्या. ग्रोमला झोप लागली.

जाग आली ती ब्रेंडाच्या आवाजाने. हॉल माणसांनी भरला होता.

"ग्रोमला इथे बसवून कुठे गेला हा माणूस?" ती म्हणत होती. "फोन लावला, तर माझ्याच पिशवीत वाजला. सूटच्या खिशात आहे."

"रुसला असेल," मंचाच्या पलीकडून रॉनी म्हणाला. "माझ्याबरोबर एका मंचावर बसायचं नसेल त्याला."

"मग काय करायचं? लोक बसलेत. तू बोल, जिंकून टाक," ब्रेंडा म्हणाली.

क्लाइव्ह तोंड उघडणार होता. पण रॉनी उठला, माइकशी गेला, आणि क्लाइव्हला वाटलं, बघू तरी हा माझ्यामागे काय बोलतो.

"मंडळी," रॉनी म्हणाला, "मी नवीच्या बाजूने बोलणार होतो. पण क्लाइव्ह समोर नसताना जिंकण्यात काय गंमत आहे? तो जिंकू देत नाही म्हणून तर मजा येते. तेव्हा आज मी त्याच्या बाजूने बोलतो. तो काय बोलला असता ते मला पाठ आहे. गेली कित्येक वर्षं ऐकतोय."

लोक हसले. रॉनी हसला नाही.

"आठवा भाग आठवा," तो म्हणाला. "पृथ्वीवाले ग्रोमला विचारतात, तू मित्र की शत्रू? आणि ग्रोम गप्प उभा राहतो. हलत नाही, बोलत नाही, नुसता उभा. नव्या मालिकेत ग्रोम पानंच्या पानं बोलतो. छान बोलतो, मला आवडतं. पण क्लाइव्ह म्हणतो की त्या गप्प राहण्यात जेवढं दुःख आहे तेवढं बोलण्यात मावत नाही. आम्ही दोघं पोरगेलेसे असताना त्याच्या आईच्या सोफ्यावर बसून तो भाग पाहिला होता. संपल्यावर आम्हीही गप्प बसलो होतो. तसा गप्प मी नंतर कुणाबरोबरच बसलो नाही." त्याने नाक पुसलं. "माझा मित्र हट्टी आहे, पण त्याचं चुकत नाही एवढंच सांगतो."

ग्रोमच्या आतून एक हुंदका आला. फोममधून गाळून तो बाहेर पडला तेव्हा गाय हंबरल्यासारखा वाटला.

शेजारच्या खुर्चीत मिस म्युरिएल स्टेनफोर्थ पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वय झालेलं, पण पाठ ताठ. त्यांनी मान वळवली.

"हा आवाज मी ओळखते," त्या म्हणाल्या. "अहो, कोणीतरी ह्याला उठवा. आत माणूस आहे आणि चेन अडकलीय."

चौघांनी धरून ग्रोमला उभा केला. मिस स्टेनफोर्थनी पर्समधून लिपस्टिक काढली, चेनच्या दातांवर सराईतपणे घासली, एक हिसका वर आणि एक खाली दिला, आणि चेन कमरेपर्यंत उतरली. डोकं निघालं. रजाई घसरली. उकडलेल्या कोळंबीसारखा लालबुंद क्लाइव्ह एन्टविसल बनियन आणि चट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत भर सभेपुढे उभा राहिला, आणि त्याच्या अंगावरून चिप्स गळू लागल्या.

ब्रेंडाने चहाच्या टेबलावरचा टेबलक्लॉथ ओढून त्याच्याभोवती गुंडाळला. "घरून खाऊन निघाला होतास ना?" ती एवढंच म्हणाली.

"तेव्हाही अशीच अडकायची," लिपस्टिकचं झाकण लावत मिस स्टेनफोर्थ सांगत होत्या. "ग्रोमच्या आत असायचा तो आमचा बिचारा बर्नार्ड. त्या आठव्या भागाच्या वेळी तर सकाळपासून आत होता. घेरीच आली त्याला. मग आम्ही पाठीमागून झाडू लावून उभा केला आणि तसंच चित्रण उरकलं. संवाद होते हो त्याला. चांगलं पानभर होते."

क्लाइव्हने रॉनीकडे पाहिलं. रॉनीने क्लाइव्हकडे पाहिलं. रॉनीच्या डोळ्यांत अजून मघाचं पाणी होतं, त्याचं आता काय करावं हे त्याला कळेना. आधी क्लाइव्हचे खांदे हलले. मग रॉनीचं पोट. मग दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून असे हसत सुटले की टेबलक्लॉथ सुटला आणि ब्रेंडाला तो पुन्हा गुंडाळावा लागला.

"झाडू," क्लाइव्ह कसाबसा म्हणाला.

"आणि मी रडलो रे त्या झाडूसाठी," रॉनी म्हणाला. "दोनदा. आत्ता धरून."

मतदान कशावर घ्यायचं तेच कोणाला उमजेना. तेव्हा कोणीतरी सुचवलं की मिस स्टेनफोर्थनीच निकाल द्यावा. त्या उठल्या.

"मी काय सांगणार?" त्या म्हणाल्या. "मी दोन्ही पाहिलेल्या नाहीत. तेव्हा माझ्याकडे टीव्ही नव्हता, आणि आता रविवारी आमचा पत्त्यांचा डाव असतो."

त्यांच्या परतीच्या गाडीला अवकाश होता. त्यामुळे त्यांना चहाला क्लाइव्हच्या घरी न्यायचं ठरलं. रॉनीच्या व्हॅनमध्ये ग्रोम आरामात मावला. शेजारी क्लाइव्ह बसला, सुटात.

"बाईंना आधी जुनी दाखवू," घरात शिरताना रॉनी म्हणाला. "मान त्यांचा आहे."

"नवी लाव," क्लाइव्ह म्हणाला.

रॉनी आणि ब्रेंडा दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

"म्हणजे... बाईंना जुनी दाखवली तर त्यांना तो झाडू दिसेल," क्लाइव्ह म्हणाला. "वाईट वाटेल त्यांना."

ब्रेंडाने रिमोट उचलला. तिने दोन बटणं दाबली न दाबली तोच टीव्हीने विचारलं, सातवा भाग जिथे थांबवला होता तिथून पुढे पाहायचा का.

"हे कसं काय?" क्लाइव्हने विचारलं.

"तू दुकानात असतोस तेव्हा इस्त्री करताना बघते," ब्रेंडा म्हणाली. "तीनदा झालीय बघून. बस खाली."

पहिला भाग लागला. मिस स्टेनफोर्थ चहाचा कप हातात धरून पाहत होत्या. पडद्यावर त्यांचीच भूमिका करणारी तरुण मुलगी यानात शिरली आणि दार आपोआप, आवाज न करता सरकलं.

"पोरगी गुणी आहे," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "पण तिला दाराची भीती नाही. आमचं दार पलीकडून एक माणूस दोरीने ओढायचा. कधी कधी तो चहा प्यायला गेलेला असायचा. दार उघडेल की नाही हे मला कधीच माहीत नसायचं, म्हणून माझ्या चेहऱ्यावर ते असं एक—"

लहानपणापासून क्लाइव्हने ज्या चेहऱ्यावर जीव टाकला होता, तो आत्ता त्याच्याच सोफ्यावर, हातभर अंतरावर, आपलं गुपित सांगत होता. क्लाइव्ह मात्र पुढे सरकून गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता. पडद्यावर बर्फाचा चंद्र दिसू लागला होता.

"शू, बाई," नजर न हलवता तो म्हणाला. "जरा ऐकू द्या. त्याची आई आलीय."