तिघांचे तीन कोंबडे

परसात कोंबड्या पाच आणि कोंबडे तीन. कोंबड्या सुनेच्या. कोंबडे घरातल्या पुरुषांचे: लाल सासऱ्यांचा, पांढरा नवऱ्याचा आणि ठिपक्यांचा धाकट्या दिराचा. पिल्लं मोठी होऊन आरवायला लागली त्या आठवड्यातच तिघांनी आपापला कोंबडा ठरवून टाकला होता. दाणापाणी आणि खुराड्याची झाडलोट यांवर मात्र कुणी हक्क सांगितला नव्हता.

कोंबडे दिवसभर एकमेकांचे तुरे फोडत आणि उरलेल्या वेळात त्या पाचजणींच्या मानगुटीवर बसत. महिन्याभरात बिचाऱ्यांच्या पाठी उघड्या पडल्या, अंडी बंद झाली आणि एक तर लंगडायला लागली. सुनेने जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी लंगडीला उचलून तिची पाठ पाहिली. "एका कोंबड्यामागे आठ-दहा माद्या लागतात हो. असंच चाललं तर ही आठवडाही काढणार नाही. दोन कोंबडे काढून टाका."

"काढा की!" सासरे म्हणाले. "माझा सोडून कुठलेही दोन."

"बाबा, तुमचा म्हातारा झालाय," नवरा म्हणाला.

"तिन्ही एकाच दिवशी अंड्यातून निघालेत रे! माझाच तेवढा म्हातारा कसा?"

"मालकावर गेला असेल," दीर पुटपुटला.

"तू गप्प बस. तुझा तर आरवतानासुद्धा अडखळतो!"

डॉक्टरांचा चहा गार झाला, तरी निकाल लागेना. सासूबाई लंगडीला मांडीवर घेऊन मलम लावत होत्या. शेवटी डॉक्टर पिशवी उचलत म्हणाले, "मग माद्याच हलवा. त्या समोर नसल्या की हे सहसा भांडत नाहीत. रुबाब दाखवायचा कुणाला?"

सुनेने त्याच संध्याकाळी पाचहीजणींना टोपल्यांत घालून नणंदेकडे पोचवलं. आणि खरंच, चार दिवसांत तिन्ही कोंबडे एका दांडीवर अंगाला अंग लावून बसायला लागले.

आता घरात जुंपली, की कोंबडे शांत झाले ते कुणामुळे?

"मी नुसते डोळे वटारले," सासरे गरजले.

"शिस्त मी लावली!" नवऱ्याने टेबलावर मूठ आपटली आणि बायकोचं लक्ष आहे ना, ते पाहिलं. दिराने ताट सरकवून दिलं आणि आईकडे पाहिलं.

सासूबाई भांडी विसळत होत्या. त्यांनी नळ बंद केला.

"काय गं, डॉक्टर काय म्हणाले होते? आपण समोर नसलो की..."

"भांडत नाहीत," सून म्हणाली.

"पिशवी भर."

नणंदेकडे लंगडी आठव्या दिवशी नीट चालायला लागली. दहाव्या दिवशी तिने अंडं घातलं. ते अजून सुनेच्या तळहातावर ऊनच होतं, तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला. आवाज लोण्यासारखा मऊ.

"अगं, ऐकलंस का? काल आम्ही तिघांनी मिळून भात केला. करपला, पण कुणी कुणाला शब्दाने बोललं नाही. आज धाकट्याने माझे कपडेही वाळत घातले. घर कसं शांत आहे बघ! या आता दोघी."

"शांत आहे ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग आम्ही येऊन कशाला बिघडवायचं?"