चार चमचे लाल, नखभर काळा

"अज्जा, आज ही वही माळ्यावर जाणार म्हणजे जाणार," प्रेसचं शटर वर करता करताच भुवनेश्वरीनं जाहीर केलं आणि सिद्धप्पांच्या हातातला चहा तसाच निवला.

आता ती वही म्हणजे काही साधीसुधी वही नव्हे. सोलापुरात बावन्न वर्षं छपाई केलेल्या माणसाचा जीव होता तो. छापलेल्या प्रत्येक कामाचा एक तुकडा सिद्धप्पांनी तिच्यात खळीनं चिकटवला होता. गड्ड्याच्या जत्रेची हँडबिलं, विडीच्या बंडलांची लेबलं, चादरींवर लावायच्या चिठ्ठ्या आणि अर्ध्या जिल्ह्याच्या लग्नपत्रिका! शेजारी पेन्सिलीनं शाईची कृती, कागद कुठला, तो पावसाळ्यात कसा वाकतो, घडीवर कुठं फुटतो, सगळं. वही उघडली की खळीचा आणि रॉकेलचा वास यायचा, ट्रेडल मशीनची खडखड कानात सुरू व्हायची आणि म्हातारा एकटाच हसत बसायचा.

नात मात्र पुण्याहून डिझाइन शिकून आली ती परदेशी शेडकार्ड घेऊनच. पंख्यासारखं उलगडणारं, प्रत्येक रंगाला नंबर असलेलं. त्याला हात लावायचा तर आधी साबणानं धुवून यावं लागे. टेबलावर जागा एकच. तिथं शेडकार्ड राहणार की वही, एवढाच काय तो घरातला तंटा, पण महिनाभर चालला होता.

तेवढ्यात दुधनीचे चनमल्लप्पा दारात उभे राहिले. अडत दुकानदार माणूस, आवाज वखारीत मावणार नाही असा.

"सिद्धप्पा, नातवाचं लगीन हाय. पत्रिका माझ्या लग्नाच्या रंगाचीच पायजे! तुमीच छापलीवती की, अठ्ठ्याहत्तर साली. डाळिंबी! आमची उंदरानं खाल्ली."

सिद्धप्पांनी थुंकी लावून पानं उलटली आणि नातीकडं असं बघितलं, की विचारू नका. पत्रिका होती. खाली लिहिलं होतं, 'लाल चार चमचे, निळा अर्धा, काळा नखभर.'

"चार वाजता हिला घेऊन येतो," चनमल्लप्पा म्हणाले. "पसंत पडली तर पयली पत्रिका आजच सिद्धेश्वराला ठिवायची. न्हाय पडली तर मग पुण्यात छापतो. राग मानू नका."

ते गेल्यावर भुवनेश्वरीनं पत्रिकेला शेडकार्ड लावलं. "हा घे नंबर. जुळला."

"आगं, ती पत्रिका विटलीया. शेहेचाळीस वर्षं झाली! तुझा नंबर विटक्या रंगाचा हाय. डाळिंबी मी करतो."

"चमचा कुठला, अज्जा? आणि नख कुणाचं?"

"माझंच, अजून कुणाचं?"

"ठीक आहे. जमलं तर वही टेबलावर. नाही जमलं तर माळ्यावर. बोल, कबूल?"

"कबूल," सिद्धप्पा म्हणाले. म्हणाले खरे, पण स्वतःचीच खात्री नव्हती. कारण पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं (डाव्याचं अजून व्हायचं होतं) आणि तेव्हापासून एक भानगड त्यांनी घरात कुणालाच सांगितली नव्हती. त्यांचे दोन डोळे दोन रंग दाखवायचे. उजव्याला दूध पांढरंशुभ्र, डाव्याला तेच दूध हळद घातल्यासारखं. रंग ओळखणाऱ्या माणसानं हे सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?

त्यांनी काचेवर शाई घोटायला घेतली. शाईच्या कंपन्या बदललेल्या, त्यामुळं शेवटी भिस्त नजरेवरच. नवा डोळा लखलखीत, पण त्याच्यावर विश्वास बसेना. मग त्यांनी उजवा डोळा मिटला आणि बावन्न वर्षांच्या सोबत्यावर, डाव्यावर, सगळं सोडून दिलं. थोडा निळा. अजून थोडा. बोटानं कागदावर ठसा मारला आणि हरखले. अगदी तोच रंग!

"अज्जा, हे वांगं झालं," भुवनेश्वरी म्हणाली.

सिद्धप्पांनी हळूच डोळा बदलला. उजव्याला खरंच वांगं दिसत होतं, तेही भरीत करावं असं. मग उजव्यानं दुसरा घाणा केला, निळा कमी करून. उजव्याला डाळिंब दिसलं, डाव्याला वीट. आयुष्यभर ज्या नजरेवर भाकरी खाल्ली, तीच आता साक्ष देईना. वहीवर हात ठेवून ते नुसते बसून राहिले. त्यांना रडू येत होतं.

चारला चनमल्लप्पा बायकोला घेऊन हजर. दोन्ही ठसे समोर होते. चनमल्लप्पांनी वांग्यावर बोट ठेवलं. "ह्योच! अठ्ठ्याहत्तरचा! बघ निंगव्वा!"

निंगव्वांनी नाक मुरडलं. "अय्यय्यो, ही वांगी कुणाच्या लग्नाला? डाळिंबी ह्यो हाय, दुसरा."

"ती वीट हाय!"

"तुमाला काय दिसतंय डोंबल!"

झालं. नवरा-बायको असे जुंपले, की नातवाचं लग्न राहिलं बाजूला आणि स्वतःचं मोडायची वेळ आली. भुवनेश्वरी शेडकार्ड उलगडून मध्ये पडली, तर दोघांनी तिला गप्प बसवलं.

सिद्धप्पा मात्र आळीपाळीनं एकेक डोळा झाकून बघत होते. अचानक ते ताठ झाले.

"अक्का, तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय?"

"व्हय की. दोनी. अक्कलकोटच्या शिबिरात."

"आणि शेटचं?"

"कशाचं! सुईला भितात ते."

"मला लांबचं सगळं दिसतंय की!" चनमल्लप्पा गरजले.

सिद्धप्पांनी उजवा डोळा झाकला. "शेट, तुमचं बराबर हाय." मग डावा झाकला. "अक्का, तुमचं बी बराबर हाय. माझा एक डोळा तुमच्यासारका, एक ह्यांच्यासारका. पंदरा दिस झाले, लाजंपायी कुणाला बोललो न्हाय बघा."

मग निंगव्वा पदर तोंडाला लावून हसत सुटल्या, चनमल्लप्पांना आधी राग आला, मग तेही हसले. शेवटी ठरलं, निम्म्या पत्रिका वांग्याच्या, निम्म्या डाळिंबाच्या. ज्यांचे मोतीबिंदू अजून निघायचेत त्यांना शेट वाटणार, ज्यांचे निघालेत त्यांना अक्का. यादी तिथंच टेबलावर झाली. चनमल्लप्पांच्या वयाचा एकेक पाहुणा आठवत, हयात कोण, ऑपरेशन कुणाचं, करता करता दोघं परत अठ्ठ्याहत्तर सालात जाऊन पोचले. पहिली पत्रिका कुठल्या रंगाची ठेवायची यावर पुन्हा ठिणगी पडली, तेव्हा दोन्ही ठेवा म्हणून सिद्धप्पांनीच मिटवलं.

ते गेल्यावर भुवनेश्वरीनं वही टेबलावरच राहू दिली आणि बराच वेळ ती चाळत बसली. यंदाच्या लग्नसराईत रंग पसंत करायला येणारे आजी-आजोबा तिनं मनातल्या मनात मोजले. मग मोबाइल उचलला आणि दवाखान्यात फोन लावला.

"डॉक्टर, आमच्या अज्जांच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या सोमवारची आहे ना? ती जरा पुढं ढकला. तो डोळा आम्हाला सीझनभर लागणार आहे."