सँपल आणेल शे का?

निशाच्या लग्नाला बारा दिवस उरले असताना उमाकांतरावांनी शेडमधली गाडी बाहेर काढली आणि गाडीने वळायला साफ नकार दिला. सरळ जायची, मागे यायची, पण स्टिअरिंग फिरवायला गेलं की जणू कोणी खालून चाकं धरून बसलंय. उमाकांतरावांचा उजवा खांदा आधीच धरलेला. त्यांनी तीनदा जोर लावला आणि चौथ्यांदा नुसतंच "आई गं" म्हणून खाली उतरले.

गाडी तीस वर्षांची, लांबलचक, दुधी रंगाची. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. याच गाडीतून आशाबाई खापरहून नवरी म्हणून या घरात आल्या होत्या, आणि "मी पण ह्याच गाडीतून जाणार, आणि पप्पाच चालवणार," असं निशाने सातवीत असताना जाहीर केलं होतं. ते ती अजून विसरली नव्हती. आणि गाडी नाही निघाली तर? तर उमाकांतरावांचा शालक धर्मेंद्र आपली नवीकोरी काळी गाडी घेऊन टपलेलाच होता. रोज सकाळी त्याचा फोन यायचा, "दाजी, टेन्शन लेऊ नका. मन्ही गाडी शे ना." त्या गाडीतून पाठवणी करण्यापेक्षा उमाकांतरावांनी पोरीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पाठवलं असतं.

गावचा हिलाल मिस्त्री दिवाळीला गाडीचं काहीबाही करून सुरतेला लेकाकडे गेला होता, आणि फोन उचलायची सवय त्याला पहिल्यापासूनच नव्हती. म्हणून शेजारच्या भाईदासला बोलावलं. भाईदासकडे ट्रॅक्टर होता, म्हणजे इंजिनातलं त्याला कळत असणार. त्याने स्टिअरिंग हलवलं, मान तिरकी करून ऐकलं आणि सांगितलं, "पंप गया."

"कोणता पंप?"

"पावर स्टेअरिंगना. खोला."

दोघांनी दोन तास खपून पंप खोलला. उमाकांतरावांच्या वडिलांनी त्याला नजर लागू नये म्हणून काळा दोरा बांधला होता. बोनेटच्या आत कोणाची नजर जाणार होती, देव जाणे. पंप साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून उमाकांतराव नंदुरबारला निघाले.

स्पेअरपार्टवाल्याने मान वर न करता विचारलं, "सँपल आणेल शे का?"

उमाकांतरावांनी अभिमानाने पिशवी पुढे केली. त्याने पंप उलटासुलटा केला. "हाऊ पंप तुमनी गाडीना नही. जीपना शे."

"पण मन्ही गाडीमातूनच निंघेल शे."

"मंग तुमनी गाडी जीप व्हई."

गाडीचं इंजिन मागे एकदा बदललं होतं खरं, पण कशाचं बसवलं ते वडिलांनाच माहीत, आणि ते सांगायला आता वडील नव्हते. उमाकांतरावांनी जीपचा पंप घेतला. घरी येऊन लावला तर भोकं जुळेनात.

दुसऱ्या दिवशी खापर. तिथले नवनीतभाईही आधी "सँपल?" म्हणाले. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी निकाल दिला, "काका, आ जीपनो नथी. टेम्पोनो छे." टेम्पोच्या पंपाची भोकं जुळली, पण तो उलटा फिरणारा निघाला. शहाद्याचा भंगारवाला सुकलाल छातीवर हात ठेवून म्हणाला, पंप ट्रॅक्टरचा. त्याने दिलेला पंप एवढा मोठा होता की तो बसवायचा तर बॅटरी मांडीवर घेऊन गाडी चालवावी लागली असती.

आठ दिवस असे गेले. पिशवीत चार पंप झाले, सगळे सारखेच तेलकट. काळा दोरा नसता तर आपला कोणता हेही उमाकांतरावांना कळलं नसतं. रात्री जेवताना ते मधेच घास थांबवून विचारायचे, "निशानी माय, आपली गाडी गाडीच शे ना?"

आशाबाईंना असल्या प्रश्नांना वेळ नव्हता. शेडच्या दुसऱ्या भिंतीला त्यांचा मिरची कांडायचा डंका होता. मिरचीचा हंगाम, गावभराचे मसाले, त्यात घरचं लग्न. एकदा तर उमाकांतराव फोनवर नवनीतभाईंशी उलट्या-सुलट्या पंपांवरून हुज्जत घालत असताना त्या दारात येऊन काहीतरी विचारत होत्या. उमाकांतरावांनी फोन कानावरून न काढता हात हलवला, "ले, ले." त्या गेल्या आणि थोड्या वेळाने डंक्याची ठकठक सुरू झाली.

शेवटी नवनीतभाईंनीच सुचवलं, "मोलगीना दलसिंगला विचारा. जुन्या जीपा त्योच चालवे."

बाजाराच्या दिवशी उमाकांतराव चार पंप मांडीवर घेऊन घाट चढून मोलगीला पोचले. दलसिंग जीपच्या टपावर पोती बांधत होता. उमाकांतरावांनी पिशवी वर धरली. "सँपल."

दलसिंगने पिशवीत डोकावलंसुद्धा नाही. "गाडी कुठे आहे?"

"घरी."

"मग हे मला कशाला दाखवता? पाय दुखतो म्हणून कोणी नुसता पाय घेऊन दवाखान्यात येतं का?"

इतक्या दिवसांत गाडीबद्दल विचारणारा हा पहिला माणूस. उमाकांतरावांना त्याला मिठीच मारावीशी वाटली, पण तो टपावर होता.

लग्नाला दोन दिवस असताना दलसिंग आला. काळ्या दोऱ्याचा पंप उचलून त्याने अंगठ्याने गरकन फिरवला. "हा तर चांगला आहे." तोच जागेवर बसवून त्याने नळ्या जोडल्या, मग बोनेटमध्ये वाकून खूप वेळ बघत राहिला. "काका, पट्टा कुठे आहे?"

"कोणता पट्टा?"

"पंप ज्याने फिरतो तो."

उमाकांतरावांना दिवाळीचं काहीबाही आठवलं. मग त्यांनी हिलालला फोन लावला, आणि नेमका त्याच दिवशी हिलालने तो उचलला. "हां, तो पट्टा चूं चूं करे, म्हनीसन मी काढीसन खिळाले टांगी दिन्हा. तुमले सांगं नही का?"

"नही."

"मंग आते सांगी दिन्हं."

शेडमधला खिळा रिकामा होता. दलसिंगने समोर बोट केलं. दुसऱ्या भिंतीला डंका ठकठक चालला होता, आणि त्याच्या मोटारीवर लालभडक झालेला पट्टा मोठ्या आनंदाने फिरत होता.

"मन्हा पट्टा तुटना व्हता. तुमलेच विचारं," आशाबाई हात न थांबवता म्हणाल्या. "तुम्हीच म्हनात, ले ले."

"बंद कर तो डंका. गाडीले पट्टा लागस."

"पयले मसाला. मंग पट्टा."

यात वाटाघाट नव्हती. पट्टा लग्नाच्या दिवशी सकाळी मिळाला. भाईदासने तो फडक्याने पुसून बसवला. उमाकांतरावांनी एका बोटाने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी लोण्यासारखी वळली. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी धर्मेंद्रला स्वतःहून फोन केला.

पाठवणीला गाडी मांडवासमोर उभी राहिली. मेकअप बिघडेल म्हणून अजिबात रडणार नाही, असं निशाने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. ती बसली, जावई बसले, पुढे आशाबाई बसल्या. उन्हाचं म्हणून उमाकांतरावांनी पंखा पूर्ण सोडला आणि इंजिन चालू केलं. फडक्याने कितीही पुसलं तरी पट्ट्याच्या खाचांमधली मिरची थोडीच जाणार? ती पंख्याच्या फटींतून थेट नवरा-नवरीवर आली आणि उरलेली बोनेटखालून वऱ्हाडावर.

निशा हमसून हमसून रडली. जावई तिच्याहून जास्त रडले. बँडवाल्याला पिपाणी फुंकता येईना. आपल्या काळ्या गाडीला टेकून उभा असलेला धर्मेंद्र रुमालात तोंड खुपसून शिंकत होता. म्हाताऱ्या शांतीबाईंनी डोळ्यांना पदर लावून निर्वाळा दिला, "जवाई सुदीक रडना वं माय. पोर सुखी ऱ्हाई."

निशाला सासरी पोचवून दोघं परत निघाले तेव्हा ऊन कलत होतं. काचा सगळ्या खाली होत्या आणि गाडीत मिरचीचा वासही उरला नव्हता. तापीच्या पुलावर आशाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"अजून मिरची लागी ऱ्हायनी का?"

"हां," उमाकांतराव बाहीने डोळे पुसत म्हणाले. "पट्टा धवाले पाहिजे."

आशाबाईंनी पदराचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि दुसऱ्या टोकाने स्वतःचे डोळे पुसले.